एका कॅसेटचं रसग्रहण

मार्चचा शेवटचा आठवडा. वर्गातले पंखे फिरतायत, तरी मुलींच्या कपाळावरचे केस घामानं चिकटलेत. पर्यवेक्षक म्हणून मी खिडकीपाशी उभी आहे. बाहेरून कुठल्यातरी गुऱ्हाळाचा वास येतोय, उकळत्या रसाचा, गोड आणि जरासा करपट. प्रश्नपत्रिकेत ‘पुढील कवितेचे रसग्रहण करा’ असा एक प्रश्न आहे आणि पुढच्या बाकावरची मुलगी त्याच्याकडे कोरड्या चेहऱ्यानं बघत बसलीये. इतर बायका या दिवसांत लोणच्याच्या कैऱ्यांची नाहीतर सुट्टीची बोलणी करतात. माझं मात्र तसं होत नाही. ऊन, परीक्षा आणि गुऱ्हाळ एकत्र आलं, की मी खुटबावच्या आमच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन बसते. समोर टेपरेकॉर्डर, मांडीवर वही. आणि मला एका इंग्रजी कॅसेटबद्दल निकाल द्यायचा असतो.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी दौंडच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, इंग्रजी घेऊन. रोज शटलनं जायचं, शटलनं यायचं. माझा भाऊ अनिल माझ्याहून वर्षानं मोठा. तो पुण्यात इंजिनियरिंगला, होस्टेलवर. आमच्या वस्तीतला होस्टेलवर राहून शिकणारा तो पहिलाच. वडील, म्हणजे आमचे आण्णा, रेल्वेत गँगमन होते. दिवसभर रुळांवर काम, आणि संध्याकाळी विहारात गायन पार्टीची तालीम, कारण चौदा एप्रिल जवळ आलेला असायचा. आण्णा पेटी घेऊन बसले की आवाज स्टेशनपर्यंत जायचा. दादा सुट्टीत आला की त्यांच्यामागं ढोलकी धरायचा.

त्या वर्षी फेब्रुवारीत दादा अचानक घरी आला. खांद्याला एक पिशवी, कोपरावर खरचटल्याची काळी पडलेली खपली. “सुट्टी हाय,” एवढंच म्हणाला. आठवडा गेला, दोन गेले, सुट्टी काही संपेना. ढोलकीला त्यानं हात लावला नाही. जेवायला बसायचा आणि भाकरीचे तुकडे करत राहायचा. त्याच्या पिशवीत एकच कॅसेट होती. बाजारात मिळते तसली नव्हे, कोणीतरी भरून दिलेली. कव्हरच्या कागदावर गाण्यांची नावं नव्हती की गाणाऱ्यांची. निळ्या शाईत एका बाजूला ‘ए’, दुसऱ्या बाजूला ‘बी’, आणि खाली कोपऱ्यात मराठीत ‘आसिफ’. सकाळपासून तो तीच लावायचा. एक बाजू संपली की उठून उलटायचा, परत आडवा व्हायचा, पत्र्याकडे बघत.

आई त्याला काही विचारत नव्हती. पण एक दिवस मी फळीवर काडेपेटी शोधायला गेले, तर तिथली फवारणीच्या औषधाची बाटली दिसली नाही. “कुठं गेली?” म्हणून विचारलं, तर आई चुलीकडे बघतच म्हणाली, “दिली शेजारी ठेवाय.” मी काडेपेटी तिच्या हातात दिली. आमच्या स्टेशनात एक्सप्रेस गाड्या थांबत नाहीत, शिट्टी देत निघून जातात. त्या महिन्यात प्रत्येक शिट्टीला आई दारात यायची, दादा घरात आहे का बघायची आणि परत कामाला लागायची. दिवसातून किती वेळा, ते सांगता येणार नाही. आई दारात आली की मीही पुस्तकातून मान वर करायचे. त्यामुळे माझा अभ्यास म्हणजे अर्धी पानं आणि अर्ध्या शिट्ट्या असा चालला होता.

अशात मामा आला. तो रांजणगावच्या एका कंपनीत होता, सुट्टीच्या दिवशी गाडीवरून चक्कर मारायचा. अंगणातच थांबून त्यानं आत वाजणारं ऐकलं. ‘बी’ बाजू चालू होती. कुणीतरी विहिरीच्या तळातून गातंय असा आवाज, त्यावर उलटं फिरल्यासारखं काहीतरी.

“दाजी, ही नशेची गाणी हायत,” मामा आण्णांना हळूच म्हणाला. “आमच्या लाईनीला पुण्याची पोरं हायत, त्यांच्याकडं असतंय हे. गोळ्या खाऊन बनवत्यात म्हणं. आन् परदेशात ही ऐकून पोरांनी...” आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि तो गप्प झाला. पण जे बोलला नाही, ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

मामा गेल्यावर आण्णांनी मला ओट्यावर बोलावलं. “तू इंग्रजीवाली हायस. ती कॅसेट सगळी ऐक, दोन्ही बाजू. आन् मला सांग, त्यात त्याला बिघडवणारं काय हाय का. असंल तर मी ती रुळावर ठेवतो, गाडी जाईल वरनं.”

“आण्णा, मला त्यातलं कितपत कळंल...”

“मला तर कायच कळत न्हाई. तुला जेवढं कळंल तेवढं सांग.”

तेव्हा माझं इंग्रजी म्हणजे गाईड, डिक्शनरी आणि सरांनी सांगितलेली उत्तरं. कवितेचं रसग्रहण करायला मी शिकले होते, ते पाठ करून. आता मला एका न पाहिलेल्या गोष्टीचं रसग्रहण करायचं होतं, आणि त्यावर माझा भाऊ टिकणार की नाही हे ठरणार, असं आम्ही सगळ्यांनी मानून टाकलं होतं.

दुपारी आई गव्हाच्या काढणीला जायची, आण्णा ड्युटीवर. दादा उन्हातच सडकेनं चालत चौफुल्याकडे जायचा. तेवढ्यात मी दार लोटून ऐकायचे; बाहेरून गुऱ्हाळाचा वास येत असायचा. गाडीची शिट्टी झाली की कॅसेट थांबवायची. गाडी ब्रेक न मारता निघून गेली, की पुन्हा चालू.

पहिल्या बाजूवर चार गाणी होती. पहिलं सुरू व्हायचं ते नुसत्या गिटारनं. एक तार ओढून धरलेली, इतकी की आता तुटेल असं वाटावं, आणि मग ती सोडून दिल्यासारखी खाली यायची. ढोल जरा मागं रेंगाळणारे, थकलेला माणूस चालतो तसे. गाणारा घोगरा. एक ओळ म्हणायचा, तीच परत म्हणायचा, आणि मग तिसरी वेगळी. मी वहीत लिहून काढलं. स्टेशन आहे, हातात बॅग आहे, बाई सोडून गेली आहे, पत्र लिहिलेलं नाही. दुसऱ्या गाण्यात नदी. तिसऱ्यात पुन्हा स्टेशन, आणि घरी जाता येत नाही असं काहीतरी. ‘घरी जाता येत नाही’ याच्याखाली मी रेघ मारली आणि मग ती रेघ पाहून मलाच धडकी भरली.

दुसरी बाजू निराळीच. तिथं गाणी कुठं संपतात ते कळायचं नाही. झांजांचा आवाज उलटा यायचा, म्हणजे आधी हळू, मग फुगत फुगत, आणि एकदम तुटून जायचा. मध्येच तंबोऱ्यासारखा एक सूर लागून राहायचा आणि गिटार त्याच्याभोवती वाट चुकल्यासारखी फिरत बसायची. शब्द फार थोडे. शेवटचं गाणं चांगलं अकरा-बारा मिनिटांचं होतं, त्यात एकदा कुणीतरी हसायचं. भर दुपारी, दारात कोंबड्या फिरत असताना, त्या हसण्यानं माझ्या अंगावर काटा यायचा.

गाणाऱ्यांचं नाव पुढं दादाकडून कळलं; आता मी हेच सगळं माझ्या मुलीच्या मोबाईलवर ऐकते, स्वच्छ करून घेतलेलं, सगळे शब्द स्पष्ट. आता मला त्यातलं थोडं अधिक कळतं, म्हणून माझं मत सांगते. पहिल्या बाजूचं तिसरं गाणं ताणलेलं आहे, दुसऱ्या गाण्याचीच ती फिकट प्रत आहे. शेवटचं लांबलचक गाणं चार मिनिटांनी कमी चाललं असतं. जिथं चाल सुचली नाही तिथं त्यांनी घुमारे आणि उलट्या झांजा भरल्यात. गाणारा दुःखात खरा वाटतो, स्वप्नात शिरला की जरा नाटकी होतो. पण एक गोष्ट त्यांनी अशी केलीये की सगळं माफ करावं. पहिल्या गाण्यात जी तार ओढून धरलेली आहे, तोच तुकडा दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला उलटा वाजवलाय. म्हणजे तोच माणूस, तेच दुःख. पहिल्या बाजूला तो रस्त्यानं चालतोय आणि दुसऱ्या बाजूला तापात बरळतोय. तेव्हा मला हे समजलं नव्हतं. मला फक्त जाणवलं होतं की दोन्ही बाजू एकाच माणसाच्या आहेत, आणि तो माणूस माझा भाऊ आहे की काय, या भीतीनं मी घामाघूम झाले होते.

माझा निकाल एका शब्दापाशी अडला. दुसऱ्या गाण्यात, नदीच्या ओळीत, शेवटी एक शब्द होता. तो ‘डाय’ आहे की ‘ड्राय’, ते मला कळेना. ‘डाय’ असेल तर कॅसेट रुळावर जाणार. मी ती ओळ मागे घेत राहिले, इतकी की तिथं फीत जरा चुरगळली. कान स्पीकरला लावून ऐकली. कधी ‘र’ ऐकू यायचा, कधी नाही. भीती वाटत असली की माणसाला ‘र’ ऐकू येत नाही, असं मला वाटतं.

त्या दिवशी दादा लवकर परत आला. मी टेपपाशी, वही उघडी. तो दारात उभा राहिला. मला पकडले गेल्यासारखं झालं आणि तोंडातून निघून गेलं, “दादा, हा डाय म्हणतोय का ड्राय?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग वहीकडे. मग खाली बसला.

“ड्राय. नदी आटली म्हणतोय.” मग वहीवर बोट ठेवून म्हणाला, “तुला आण्णांनी बसवलंय व्हय ऐकायला?”

मी मान हलवली. मला रडू फुटलं. इतके दिवस जे कोणी बोललं नव्हतं ते मी बोलून गेले. बाटलीचं, शिट्ट्यांचं, आई दारात येते त्याचं. तो ऐकत राहिला. आपल्यासाठी घरातली बाटली हलवली गेली हे त्याला ठाऊकच नव्हतं.

मग तो बोलायला लागला, पण स्वतःबद्दल नाही, कॅसेटबद्दल. पहिल्या बाजूचं ते ब्लूज म्हणे. अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं, कापसाच्या शेतात राबणाऱ्यांचं गाणं, ते या गोऱ्या पोरांनी उचललंय. दुसऱ्या बाजूला आवाज या कानातून त्या कानात फिरवलाय, डोकं गरगरावं म्हणून. “आसिफ म्हणतो, ए बाजू आपली, बी बाजू त्यांची. आसिफ म्हंजी माझा रूम पार्टनर. शिरूरचा.”

आणि मग मूळ गोष्ट आली. जानेवारीत दोघं आसिफच्या वडलांच्या मोटरसायकलवरून शिरूरला निघाले होते. नगर रोडला खडीवरून गाडी घसरली. दादाला नुसतं खरचटलं, आसिफचं डोकं दगडावर आपटलं. दवाखान्यात आसिफ बेशुद्ध होता. त्याचे वडील धावत आले आणि त्यांनी विचारलं, “गाडी कोण चालवत होतं?”

“मी चालवत होतो, छाया. लायसन नव्हतं माझ्याकडं. आन् मी म्हणालो, आसिफ.”

त्याला दोनदा विचारलं गेलं होतं, दोन्ही वेळा त्यानं तेच सांगितलं होतं. नंतर आसिफ शुद्धीवर आला असं त्याला कळलं, पण त्याला भेटायची हिंमत झाली नाही. होस्टेलवरून निघताना आसिफच्या कपाटातून ही एकच कॅसेट त्यानं उचलली. का, ते त्यालाही सांगता येत नव्हतं.

संध्याकाळी आण्णा तालमीला जायच्या आधी ओट्यावर बसले होते. मी त्यांच्यापुढं उभी राहिले. “आण्णा, कॅसेटमधी वाईट काय नाय. पण ती ज्याची हाय, त्याच्याबद्दल दादाला तुम्हाला सांगायचंय.”

आण्णांनी दादाकडे पाहिलं नाही. म्हणाले, “आधी लाव ती. मला ऐकू दे.”

पहिली बाजू लागली. आण्णा मांडीवर बोट आपटत ऐकत होते. दुसऱ्या गाण्यावर त्यांनी मान हलवली. “ही ओळ दोनदा घेतोय त्यो. आपण बी घेतो. तेवढ्यात तिसरी ओळ जुळवाय येळ मिळतो. ह्याला गाणं लिहून कुणी दिलं न्हाई, ह्यो उभ्या उभ्या जुळवतोय.” मग टेप बंद केला आणि म्हणाले, “बोल आता.”

दादा बोलला. आई उंबऱ्यात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. आण्णांनी टेपमधून कॅसेट काढून दादाच्या हातात दिली. त्या दिवशी ते तालमीला गेले नाहीत. एवढंच म्हणाले, “उद्या शिरूरला जायचं. छाया, तू बी चल. आमच्या दोघांना बोलाय यायचं न्हाई.” माझा पेपर परवावर आला होता. मी वही पिशवीत टाकली, पण एस.टी.त उघडली नाही. चौफुल्याहून गाडी निघाली. पारगावला भीमा ओलांडली, न्हावरा, निमोणे. दादा खिडकीला डोकं लावून बसला होता. प्रत्येक थांब्याला मला वाटायचं, हा आता उतरून जाईल.

आसिफचं घर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत होतं. पुढच्या खोलीत त्याच्या वडलांचं शिलाईचं दुकान, मागे राहायचं. त्यांनी दादाला ओळखलं आणि चक्क आनंदानं उठले. “अरे ये, ये! आसिफ, बघ कोण आलंय. किती दिवस विचारतोय तुझ्याबद्दल.” आम्हाला बसवलं. आसिफच्या आईनं सरबत आणलं. हे सगळं इतकं प्रेमानं चाललं होतं की मला दादाकडे बघवेना.

आसिफ बारीक झाला होता, डोक्यावरचे केस अजून अर्धवट वाढलेले. बोलताना एक बाजू पुढं करत होता. दादानं पुढं केलेली कॅसेट त्यानं बघितली आणि हसला. लगेच वॉकमन काढून आत घातली, कानाला लावली आणि डोळे मिटले. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत बसलो. जरा वेळानं त्यानं डोळे उघडले.

“गंमत आहे,” तो म्हणाला. “यात गिटार उजव्या कानात आहे आणि गाणारा डाव्यात. माझा उजवा गेलाय ना. त्यामुळं आता तो बिचारा एकटाच गातोय.”

त्याला खरोखरच गंमत वाटत होती. आमच्यापैकी कुणालाच कानाचं माहीत नव्हतं. दादा उठला. उभा राहूनच म्हणाला, “चाचा, गाडी मी चालवत होतो. आसिफ मागं बसला होता. मी तुम्हाला खोटं सांगितलं.”

आसिफनं वॉकमन काढला. “मला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही,” तो हळूच म्हणाला. म्हणजे दादा गप्प राहिला असता, तर हे कधीच कुणाला कळलं नसतं.

चाचा उठून पुढच्या खोलीत गेले. मशीनपाशी बसले. कापड नव्हतं, तरी त्यांनी पाय पट्टीवर ठेवला. मशीन थोडं फिरलं, थांबलं. मग ते परत आले, पण दादाकडे नाही, आसिफसमोर येऊन उभे राहिले.

“दोन महिने मी तुला रोज बोललो,” ते म्हणाले. “गाडी चालवायची अक्कल नव्हती, स्वतःचा कान घालवलास, म्हणून. रोज बोललो रे मी.” त्यांनी खांद्यावरची मापाची टेप मुठीत धरली. “तू एकदा तरी म्हणायचंस ना, की मी नव्हतो.”

“मला वाटलं, मीच असेन,” आसिफ म्हणाला.

आम्ही सगळे बसलो होतो आणि कुणाच्याच हातातलं सरबत संपत नव्हतं. शेवटी चाचा दादाला म्हणाले, “तू आता जा.” आवाज चढलेला नव्हता. त्यामुळेच जास्त लागला.

आम्ही उठलो. दारापर्यंत आसिफ आला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण दादाशी बोलवेना, म्हणून मला विचारलं, “तुम्ही ऐकली का कॅसेट? कशी वाटली?”

इतक्या दिवसांची माझी सगळी तयारी त्या प्रश्नासाठीच होती. “ए बाजू आवडली. बी बाजूनं घाबरवलं. आणि शेवटचं गाणं फार लांबलंय.”

“लांबलंयच,” तो म्हणाला. “मी अनिलला पहिल्या दिवसापासून सांगतोय.” अनिल हे नाव उच्चारताना त्यानं खाली पाहिलं, पण उच्चारलं.

पुढचं सांगून टाकते. माझा पेपर बरा गेला. दादाचं वर्ष गेलं, आसिफचंही. पुढच्या वर्षी दोघं वेगवेगळ्या खोल्यांत राहून पास झाले. दादा रांजणगावला लागला, कंपनीच्या बसनं जातो. दुचाकीवर तो आजतागायत बसलेला नाही. आसिफचा कान परत आला नाही. दोघं भेटतात, ईदला, जयंतीला, एकमेकांच्या घरच्या लग्नकार्याला. पण मध्ये एक जागा राहिली ती राहिलीच, तिथं दोघंही जपून पाय टाकतात. सगळं पहिल्यासारखं झालं असं मी म्हणणार नाही.

त्या दिवशी आम्ही शिरूरच्या स्टँडवर उभे होतो. ऊन डोक्यावर आलेलं. आण्णा रुमालानं मान पुसत होते, दादा खांबाला टेकून उभा. तेवढ्यात गर्दीतून चाचा येताना दिसले. खांद्यावर मापाची टेप तशीच होती. मला वाटलं, घरात बोलले नाहीत ते आता चारचौघांत बोलणार.

आण्णा दोन पावलं पुढं झाले, हात जोडून. “माफी मागाय बी तोंड न्हाई आमाला.”

“असं म्हणू नका,” चाचा म्हणाले. “पोरगा आला. त्याच्या जागी मी असतो तर आलो असतो का, ते मला माहीत नाही.” दादाकडे वळायला त्यांना वेळ लागला. चौफुल्याची गाडी लागली, लोक दाराकडे धावले, तरी ते उभेच होते. मग म्हणाले, “येत्या शुक्रवारी आसिफला पुण्याला दाखवायचंय. मला दुकान सोडता येत नाही. त्याला उजवीकडनं येणारी गाडी ऐकू येत नाही. तू बरोबर जाशील?”

दादानं मान हलवली.

“तोंडानं सांग.”

“जाईन, चाचा.”

“त्याच्या उजव्या बाजूनं चालायचं,” ते म्हणाले.